चैत्रातलं दव

पाडवा होऊन चार दिवस झाले होते. सकाळचे सव्वाअकरा वाजलेले, आणि मी गच्चीवर मोगऱ्याच्या कुंडीपुढे पालथी पडून इस्त्रीच्या फवाऱ्याने एका फुलावर पाणी उडवत होते. आई कुरडयांचं वाळवण बघायला वर आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काय गं, फुलाला घाम आणतेस का?"

घामच म्हणायचा तो. पुण्यात चैत्रात अकरा वाजता कुणाच्या अंगावर पाणी दिसलंच तर ते घामाचंच असतं. तरी मी चिकाटीने फवारत होते, कारण नवी कडी हाती आली होती. पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवायची कडी. लेन्स उलटी केली की ती लांबचं काही बघत नाही, पण चार-पाच बोटांवरची वस्तू जवळजवळ मूळ आकाराइतकी सेन्सरवर आणून ठेवते. दोन-तीनशे रुपयांत नवं जग. आणि त्या जगातली पहिली हौस सगळ्यांचीच असते तीच माझीही होती: फूल, त्यावर थेंब.

फोटो बरा आला. पांढऱ्या पाकळीच्या काठावर पाच थेंब, मागे कुंडीचा हिरवा-तपकिरी धूसर रंग. घरच्या ग्रुपवर टाकताना मी खाली लिहिलं, 'पहाटेचं दव'. का लिहिलं, कोण जाणे. कुणी विचारलं नव्हतं. 'इस्त्रीच्या फवाऱ्याचं पाणी, वेळ सव्वाअकरा' असं लिहिलं असतं तर आकाश कोसळलं नसतं, पण बोटं आपोआप 'पहाटेचं दव'कडे गेली. आत्या, काकू, चुलतबहिणी सगळ्यांनी वा वा केली. राजापूरकडच्या मामाने मात्र एवढंच लिहिलं: "पुण्यात चैत्रात दंव? बरं आहे तुमचं."

कोकणी माणसाचं 'बरं आहे तुमचं' ज्याने ऐकलंय त्याला त्यातला चिमटा समजावून सांगायला नको.

मामाचं खरं होतं. वसंतातलं थेंबाळलेलं फूल हे चित्र आपल्याकडे आलं कुठून, असा विचार मी तेव्हा पहिल्यांदा केला. आमच्या लहानपणी भिंतीवरच्या कॅलेंडरांवर ट्यूलिप असायचे, शुभेच्छापत्रांवर कुठलीशी निळी-जांभळी विलायती फुलं, आणि सगळी ओलीचिंब. तिकडे ते रास्त आहे. बर्फ नुकतंच वितळलेलं, माती भिजलेली, रात्री गार; तिथला वसंत ओलाच असतो. आपला वसंत कोरडा. दख्खनच्या पठारावर फाल्गुन-चैत्र म्हणजे पानगळ, वणवे, वाळलेलं गवत, आणि त्यात मधूनच पेटल्यासारखी फुललेली निष्पर्ण झाडं. आपल्याकडे फुलं आणि थेंब एकत्र हवे असतील तर भाद्रपदात कासच्या पठारावर जावं. तिथे तर 'दवबिंदू' याच नावाची एक इवलीशी वनस्पती असते, तिच्या पानांच्या केसांवर सदोदित थेंब चमकत असतात. फक्त ते पाणी नसतं, डिंकासारखा चिकट रस असतो, आणि त्यावर बसलेला किडा परत उडत नाही.

दवाबद्दल आपली भाषा गमतीची आहे. आपण 'दव पडतं' म्हणतो, जणू ते पावसासारखं वरून येतं. १८१४ साली लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने दवावर निबंध लिहिला. रात्र-रात्र बागेत बसून तो लोकरीचे वजन केलेले पुंजके उघड्यावर आणि आडोशाला ठेवायचा, आणि पहाटे पुन्हा वजन करून कुणी किती पाणी धरलं ते बघायचा. त्यातून त्याने दाखवलं की आधी पान आपली उष्णता उघड्या आभाळाकडे सोडून गार होतं, मग त्याला टेकलेल्या हवेतलं बाष्प त्याच्यावर जमतं. म्हणजे दव पडत नाही, जमतं. त्याला निरभ्र आभाळ लागतं, पडलेला वारा लागतो, आणि मुख्य म्हणजे हवेत ओल लागते. पहिल्या दोन गोष्टी आमच्याकडे चैत्रात भरपूर. तिसरीचं दुष्काळी काम. ३५ अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची दुपारची हवा घेतली, तर तिच्यातल्या बाष्पाचा थेंब व्हायला पान जवळपास ९ अंशांपर्यंत उतरावं लागतं. पुण्यातली त्या दिवसांतली पहाट एवढी खाली सहसा जात नाही.

दव पठारावरही असतं, पण त्याचा महिना वेगळा आणि त्याचं नावही माझ्या वडिलांच्या गावी, बार्शीकडे, वेगळं: दहिवर. पौषात शाळूच्या रानातून सकाळी चाललं की कमरेपर्यंत भिजायला व्हायचं. आणि हरभऱ्याच्या रानात शिरलं तर पायांची आग. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांतून आम्ल पाझरतं, ते दहिवरात उतरतं. माझी आजी रात्री हरभऱ्यावर जुनं धुतलेलं धोतर पसरून ठेवायची आणि पहाटे ते वाटीत पिळायची. ती आंब. पोट दुखलं की चमचाभर आंब पाण्यातून. तेव्हा कुणाच्या हाती कॅमेरा असता तर त्या पानांवरच्या थेंबांचे फोटो काय देखणे आले असते! पण फोटोत आंबटपणा दिसत नाही.

तर मामाच्या चिमट्यानंतर मी फवारा सोडून दिला असं नाही. उलट जास्तच मागे लागले. खोटंच करायचं तर नीट करू, असा काहीसा हट्ट.

फवाऱ्याच्या थेंबांची अडचण अशी की ते सगळे सारखे येतात, अंगावर पुरळ उठावं तसे. खऱ्या दवात लहान-मोठं असतं, शेजारचे दोन थेंब एकमेकांत मिसळून तिसरा झालेला असतो, पाकळीच्या टोकाला एक जड होऊन लोंबत असतो. शिवाय उन्हात फवाऱ्याचा थेंब मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातो. फोकस जुळेपर्यंत फूल पुन्हा कोरडं. कुणीतरी ग्लिसरीन सुचवलं. औषधांच्या दुकानातून बाटली आणली, निम्मं पाणी निम्मं ग्लिसरीन केलं, आणि थेंब खरोखरच तासभर टिकले. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं. जाहिरातीतल्या थंडगार बाटल्यांवर जे पाणी ओघळता ओघळत नाही ते बहुतेक हेच. पण ग्लिसरीन गोडही असतं. दुसऱ्या दिवशी कुंडीत मुंग्यांची रांग, आणि आईचा आवाज: "मोगऱ्याला आता साखरही घालतेस?"

शेवटी उपाय घरातच सापडला. आई आता इन्सुलिनचं पेन वापरते, पण जुन्या, लाल टोपणाच्या सिरिंजांचं एक न उघडलेलं पाकीट फ्रिजच्या दारात राहून गेलं होतं. त्या सिरिंजवर एक मिलिलिटरचे ४० भाग असतात. म्हणजे एक युनिट पाणी २५ घन मिलिमीटर, आणि त्याचा थेंब साडेतीन मिलिमीटरहून थोडा मोठा. तो फुलावर ठेवला की स्वतःच्याच वजनाने चपटा होतो, वाटोळा राहत नाही. अर्ध्या युनिटचा पावणेतीन-तीन मिलिमीटरचा, तो छान बसतो. कडुलिंबाच्या फुलावर मात्र तोही जास्त होतो. पाडव्याला आपण गुळाबरोबर चावून टाकतो ते फूल कधी जवळून बघितलंय? पाच पाकळ्या मागे वळलेल्या, मधे पांढरी नळी, तिच्या तोंडाशी पिवळे परागकोश गोल मांडलेले. आणि हे सगळं मिळून जेमतेम एक सेंटिमीटर. त्यावर पाव युनिट. हात थरथरला तर फूल बुडालंच.

कुठलं फूल थेंब कसा धरतं, हे मला सिरिंजनेच शिकवलं. देवचाफा सगळ्यात सोपा. त्याच्या जाड पाकळीवर थेंब मण्यासारखा उभा राहतो, हवा तिथे ठेवा. मोगऱ्याचं ताजं फूल तासभर साथ देतं, मग पाणी पाकळीत पसरायला लागतं आणि तो भाग काचेसारखा पारदर्शक होतो, नंतर तपकिरी. गुलाबाची पाकळी उलटी केली तरी छोटा थेंब पडत नाही, चिकटून राहतो. आणि अळू? अळवावर थेंब ठेवणं म्हणजे ताटात पारा ठेवणं. आपल्या पूर्वजांनी 'अळवावरचं पाणी' म्हणून क्षणभंगुरतेचा दाखला दिला, पण ते पाणी क्षणभंगुर कशामुळे, हे जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं बघून उलगडलं. १९९७ मध्ये त्यांचा आणि नाइनहुइस यांचा कमळाच्या पानावरचा निबंध आला आणि त्या गुणाला कमळाचंच नाव पडलं. पानावर अतिसूक्ष्म उंचवटे, त्यांवर मेणाचे त्याहून सूक्ष्म कण. थेंब पानाला नीट टेकतच नाही, टोकांवर तरंगतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. म्हणजे अळवावरून पाणी जातं ते अळवाच्या भल्यासाठी. दाखला देणाऱ्यांनी पाण्याची बाजू घेतली, पानाची कुणी घेतली नाही.

आता थेंबाच्या पोटातल्या चित्राबद्दल. माझे सगळ्यात जास्त दिवस यात गेले, म्हणून इथे जरा थांबते.

गवताच्या काडीवर एक थेंब ठेवायचा आणि त्याच्या मागे थोड्या अंतरावर एक फूल धरायचं. थेंब भिंगासारखं काम करतो आणि ते आख्खं फूल त्यात उलटं दिसतं, मोहरीएवढं, पण पाकळी न् पाकळी. हा फोटो जगभर लाखोंनी काढला गेला आहे, बहुतेक वेळा मागे जर्बेरा असतो, आणि तो बघून आता कुणाला फार कौतुक वाटत नाही. तरी पहिल्यांदा स्वतःच्या कॅमेऱ्यात तो दिसतो तेव्हा माणूस ओरडतोच. मी पांगाऱ्याचं फूल धरलं होतं. थेंबात एक लाल वाघनखी उलटी लटकली.

पण फोटो धड येईना. चित्र स्पष्ट आलं की थेंबाची कड धूसर, कड धारदार केली की चित्र विरघळलेलं. मला वाटायचं, माझा हात हलतो. तिपाई आणली, फुलाच्या देठाला दोरीवरचा चिमटा लावून काठीला बांधलं, वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून ठेवली. तरी तेच. मग एका संध्याकाळी कागदावर गणित मांडलं तेव्हा उलगडा झाला, आणि खरं सांगते, त्या फोटोपेक्षा त्या कागदाने मला जास्त आनंद दिला. ते उलटं चित्र थेंबाच्या पोटात नसतंच! पाण्याच्या गोल थेंबातून वाकलेले किरण थेंबाच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या बाजूला, थेंबाच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर एकत्र येतात. तीन मिलिमीटरचा थेंब असेल तर चित्र त्याच्या पुढे दीड मिलिमीटरवर हवेत उभं असतं. थेंबाची कड त्या चित्राच्या मागे तीन मिलिमीटरवर. आणि एवढ्या जवळून, मूळ आकाराइतक्या मोठेपणावर, लेन्सचं तोंड f/८ इतकं बारीक केलं तरी माझ्या कॅमेऱ्याच्या स्पष्टतेची जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही. दोन्ही एकदम स्पष्ट येणार कुठून? आपल्याला ते चित्र आत दिसतं, कारण आपल्याला वाटतं की जे दिसतंय ते ज्यात दिसतंय त्याच्या आतच असणार.

मग रीतसर बावीस फोटो काढले, प्रत्येक वेळी फोकस केसभर मागे सरकवत, आणि संगणकावर एकावर एक बसवले. तोवर थेंब थोडा आटला होता, म्हणून शेवटचे चार फोटो टाकून द्यावे लागले.

थेंबाचं भिंग करायची कल्पना अर्थात माझी नाही, जर्बेरावाल्यांचीही नाही. १६९६ साली स्टीफन ग्रे या इंग्लिश माणसाने पातळ धातूच्या पट्टीला बारीक भोक पाडून त्यात पाण्याचा थेंब बसवला होता आणि त्यातून सूक्ष्म जीव बघितले होते. पुढे विजेच्या वहनावरच्या प्रयोगांसाठी नाव झालेला हाच तो ग्रे. काचेचं मणीएवढं भिंग घासायला कसब लागतं; थेंब निसर्गच घासून देतो. माझ्या भाचीने हे ऐकल्या ऐकल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर काडीने एक थेंब ठेवला, फोन अलगद पालथा केला, आणि मुंगीचे पाय मोजायला लागली. दोनशे रुपयांची कडी नाही, तिपाई नाही. मी तिला थेंब सेन्सरपर्यंत झिरपला तर फोन जाईल वगैरे सांगितलं. मत्सर लपवायला मोठी माणसं सहसा काळजी दाखवतात.

या सगळ्यात 'खोटं' हा प्रश्न मनाच्या कोपऱ्यात होताच. सिरिंजने ठेवलेला थेंब, मागे हाताने धरलेलं फूल, अठरा फोटोंचा एक केलेला. यात खरं काय उरलं? अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली माझ्या तेव्हा वाचनात आला. १८८५ च्या जानेवारीत त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकाचा फोटो घेतला आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत पाच हजारांहून जास्त स्फटिक टिपले. दवाचेही घेतले. पावसाचे थेंब मोजायला तो परातीत पीठ पसरून पावसात धरायचा. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी व्हायची, ती वाळवून मापायची. असा प्रामाणिक माणूस. पण त्याच्या प्रसिद्ध फोटोंमागचा काळाभोर रंग कॅमेऱ्याने दिलेला नव्हता. तो काचेच्या निगेटिव्हवर स्फटिकाच्या कडेने चाकूने खरवडून बाकीचा थर काढून टाकायचा, तासन्‌तास. जर्मन हवामानतज्ज्ञ गुस्टाव हेलमान यांनी त्यावरून त्याला बोल लावले: अशाने आकृतीची कड बदलते. बेंटलीला आपण काही लबाडी करतो असं कधी वाटलं नाही. मला दोघांचंही पटतं, ही माझी पंचाईत. पण एक फरक आहे. बेंटलीने खाली खोटं नाव लिहिलं नव्हतं.

पुढच्या माघात मी मामाकडे गेले, कॅमेरा घेऊन. म्हटलं, तिथे तरी खरं दव मिळेल.

मिळालं. पहाटे कौलांवरून टपटप ऐकू येत होती. मी सहालाच हापूसच्या बागेत. काही फांद्यांवर वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या, काहींवर मोहोर नव्याने फुटला होता. ऊन तिरपं यायला लागलं तसं त्या मोहोरावर, देठांवर, खालच्या पानांवर बारीक बारीक थेंब चमकायला लागले. फवाऱ्याचे नव्हेत, सिरिंजचे नव्हेत! लहान, मोठे, एकमेकांत मिसळलेले, जसे हवेत तसे. मी तास-दीड तास काढत राहिले. आठ वाजून गेले, गवतावरचं दव उडालं, पण मोहोरावरचे थेंब तसेच. मला वाटलं, सावलीत आहेत म्हणून.

घरी येऊन ओटीवर मामाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवले. त्याने चष्मा वर सारला, पडदा डोळ्यांशी नेला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कुठल्या कलमावर गो?"

"विहिरीकडच्या."

"खार पडलाय."

मी म्हटलं, "खार? मला नाही दिसली. कुठे आहे?" आणि पडद्यावर शेपटी शोधायला लागले.

मामी आतून हसली. मामा नाही हसला. "झाडावर धावते ती नव्हे गो. तुडतुड्यांचा खार. ते मोहोराचा रस पितात आणि हे चिकट टाकतात. तू काढलंस ते दंव नव्हे. बोट लावून बघितलं नाहीस?"

नव्हतं लावलं. फोटो काढणारा माणूस हात लावत नाही, थेंब मोडेल ना. आम्ही दोघं विहिरीकडे गेलो. मामाने पान बोटात धरून सोडलं, ते बोटाला चिकटून जरा ओढलं गेलं. खालच्या काही पानांवर काळपट पूड धरायला लागली होती. त्या गोड रसावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळल्यासारखं होतं. एक डहाळी त्याने हलवली तर तांदळाच्या कणीएवढे करडे किडे तिरके उडाले. आठवड्यापूर्वी फवारणी झाली होती. आता पुन्हा करायची की उशीर झाला, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. परत येताना तो सांगत होता, दंवही काही लाडाचं नाही. थंडी आणि ओल लांबली की मोहोरावर भुरी, आणि अवकाळी आला की करपा. "तुम्हा फोटोवाल्यांना थेंब हवे," तो म्हणाला, "आम्हाला माघापासून पुढे एक थेंब नको."

त्या दिवशीचे फोटो माझ्याकडे आहेत. आजवर काढलेल्या थेंबांत ते सगळ्यात देखणे आहेत, याला मी काय करू? रसाचे थेंब पाण्यासारखे लगेच आटत नाहीत, त्यांना सोनेरी झाक असते, आणि एका थेंबात मागची विहिरीची रहाट उलटी दिसते आहे. मी ते कुणाला पाठवले नाहीत.

पुण्याला आल्यावर फाल्गुनात वेताळ टेकडीवर जायला लागले, मुद्दाम पाण्याशिवाय. सिरिंज घरी. सकाळी टेकडीवरून बघितलं तर गुलाबी बहर दिसतो, आणि नवखा माणूस हरखतो. तो बहुतेक गिरिपुष्पाचा. मध्य अमेरिकेतून आलेलं आणि आपल्या टेकड्यांवर भरपूर लावलेलं झाड, उंदीरमारी म्हणतात तेच. दिसायला गोड आहे, पण माझं मन तिथे रमत नाही. मी काटेसावरीपाशी थांबते. एका उतारावर एक सावर अशी आहे की वरच्या वाटेवर उभं राहिलं की तिची एक फांदी छातीच्या उंचीवर येते. पान एकही नाही. फुलं मुठीएवढी, जाड मेणचट लाल पाकळ्यांची. आणि पाखरांचा बाजार: मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, पळसमैनांचा थवा, सगळे एकमेकांवर खेकसत.

पाखरं उठून गेल्यावर मी लेन्स फुलाच्या आत घातली. केसरांच्या बुडाशी, जिथे पाकळ्या जुळतात, तिथे एक थेंब होता. एकच. पाण्यापेक्षा जड चालीचा. फांदी हलली की तो किंचित उशिराने हलायचा. एक मुंगी काठावर थबकून त्यात तोंड घालत होती. मकरंद. टाकी कोरडी, ओढा कोरडा, अशा दिवसांत सावर, पांगारा, पळस ही झाडं पाखरांसाठी पेले भरून ठेवतात, आणि पाखरं डोक्याला पराग फासून पुढच्या फुलाकडे जातात. पाखरांची फुलं मकरंद भरपूर ठेवतात, पण पातळ ठेवतात. इतके दिवस मी आपल्या वसंतातल्या फुलांवर बाहेरून थेंब ठेवत होते. आत डोकावायचं सुचलं नव्हतं.

त्या फोटोत फारसं काही दिसत नाही. लाल अंधार, आणि त्यात एक चमक. आईला दाखवला तर म्हणाली, "हे काय आहे? घसा?"

आणि मग चैत्र आला. आईने पाडव्याच्या आदल्या दिवशी फुलं आणायला मंडईत पाठवलं. कॅमेरा खांद्याला होताच. दुपारी चारचं ऊन, पाट्या मांडून बसलेल्या बायका, झेंडूचे ढीग, गाठ्यांच्या माळा. एका मावशींपुढे ओल्या गोणपाटावर मोगऱ्याचे गजरे गुंडाळून ठेवले होते. सावलीच्या कडेला ठेवलेले ते गजरे उन्हाच्या पट्ट्यात अर्धे आले होते, पांढरे शुभ्र. मी विचारलं, "मावशी, एक फोटो काढू?"

"माझा?"

"गजऱ्यांचा."

"काढ की." मी वाकले, लेन्स जवळ नेली. त्यांनी हात मधे घातला. "थांब, थांब. अशी सुकी नको काढू." शेजारी पत्र्याच्या डब्यात पाणी होतं. त्यांनी त्यात बोटं बुडवली आणि मनगटाच्या एका झटक्याने गजऱ्यांवर हबका मारला. पुन्हा बुडवली, पुन्हा मारला. थेंब लहान, मोठे, एकमेकांत मिसळलेले, दोन-चार माझ्या लेन्सवर. "हां, आता काढ. दिवसभर मारावं लागतं बाई, तवा कुठं फूल तग धरतं. सुकलेला गजरा कोण घेतं?"

मी फोटो काढला. लेन्स पुसायची राहिली, म्हणून उजव्या कोपऱ्यात एक मोठा धुरकट गोल आलाय. चार गजरे घेतले. त्यांनी ते पानात बांधून वर आणखी एक हबका मारला आणि पुडी माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवून दिली. घरी येईस्तोवर आतलं फडकं भिजलं होतं.

रात्री ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, 'मंडई, दुपारचे चार, हबका'. मामाचा अंगठा आला. पाठोपाठ मामीचा प्रश्न: "केवढ्याला दिले?"